चाकावर घेतलेला बोल

मागच्या महिन्यात घोडबंदरच्या रस्त्यावर एक मोटार मोरीत गेली. माझा पुतण्या मला मुद्दाम बघायला घेऊन गेला. नवी कोरी गाडी, पितळी दिवे, आत तांबड्या चामड्याच्या गाद्या, आणि पुढची दोन्ही चाकं चिखलात. मालक शेजारीच उभे होते. अंगात परीटघडीचा कोट, तोंड एवढंसं झालेलं, आणि जो येईल त्याला एकच सांगत होते, "मी सरळच चाललो होतो हो, चाकच फिरलं." मला असं हसू फुटलं की पुतण्यानं दंडाला धरून बाजूला नेलं. त्याला वाटलं, काका दुसऱ्याच्या फजितीला हसतायत. तसं नव्हतं रे बाबा. मी गाड्यांचा सुतार. हे वाक्य मी उभा जन्म ऐकत आलो. तेव्हा मोटारी नव्हत्या, घोड्याच्या गाड्या होत्या, एवढाच काय तो फरक.

टेंभीनाक्यापाशी माझं दुकान होतं. मुंबईला एका गोऱ्याच्या गाडीखान्यात हात बसवला आणि ठाण्याला येऊन स्वतःची भट्टी पेटवली. कल्याणपासून भाईंदरपर्यंतच्या मोडलेल्या बग्ग्या, टांगे, व्हिक्टोरिया माझ्या दारात यायच्या. त्या काळी व्हिक्टोरिया म्हणजे काय चीज होती, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. दोन भातखाचरांची किंमत एका गाडीत. आणि माणसाचं कसं असतं, भारी वस्तू घेतली की ती आपल्याला वापरता येते असं त्याला वाटायला लागतं. कोचमन ठेवायचा, त्याला पगार द्यायचा आणि चार माणसं बघत असली की लगाम त्याच्या हातून काढून घ्यायचे.

मोडलेली गाडी दारात आली की मालकाआधी मी गाडीशी बोलायचो. चाकाचे आरे कुठल्या बाजूनं मोडलेत, दांडी आतून फुटली की बाहेरून, रंग कुठे खरवडलाय, हे बघितलं की सगळी हकिकत समजते. माणूस थापा मारतो, मोडलेली गाडी मारत नाही. मग मालक यायचे आणि न चुकता सगळं खापर चाकावर फोडायचे. चाक माझ्या हातचं असलं तर माझी तळपायाची आग मस्तकात जायची. कारण चाक काय खेळ नाही. लाकडाचं चाक तयार झालं की शेणींच्या जाळात लोखंडी धाव लालभडक तापवायची, चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आवळते आणि सगळे सांधे जे धरते ते धरते. माझं चाक म्हातारं होऊन झिजलं असेल, पण फिरता फिरता दगा दिला असं एकदाही झालं नाही. हे मी भर बाजारात ओरडून सांगायचो. भांडकुदळ म्हणून माझी ख्याती होती आणि ती खोटी नव्हती.

कल्याणच्या एका धान्याच्या व्यापाऱ्यानं मुलाची वरात व्हिक्टोरियातून काढली आणि हौसेनं स्वतः हाकायला बसला. पुढे बोळ अरुंद आहे, परवापर्यंत आपण तिथूनच चालत गेलो, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. गाडी दोन भिंतींमध्ये पाचरीसारखी बसली. पुढे जाईना, मागे येईना. मुहूर्त टळत चाललेला. शेवटी नवरदेवाला मुंडावळ्यांसकट टपावरून मागे उतरवलं. मग ह्या गृहस्थांनी मला निरोप धाडला की तुझी चाकं पावसानं फुगली. मी उलट निरोप दिला की बोळ आकसला असेल, गवंड्याला विचारा.

पण मला सांगायचं आहे ते एका गाडीबद्दल.

ती गाडी आधी ठाण्यातल्या एका वकिलांची होती. हिरवी व्हिक्टोरिया, कुठल्याशा साहेबाकडून घेतलेली, चाकं मी बदलून दिलेली. वकिलांचा कोचमन इस्माईल म्हणजे लाखात एक माणूस. मूळचा कल्याणचा, बोलणं मोजकं, हात हलका. मालक लोकांना तो एकच गोष्ट परत परत सांगायचा. घोड्याच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी चामड्याची झापडं असतात, ती शोभेची नाहीत. घोड्याला मागचंही दिसतं. मागे फिरणारं चाक दिसलं की त्याला वाटतं काहीतरी पाठीस लागलंय, आणि तो जीव घेऊन पळतो. जितका पळेल तितकं चाक मागून येतच राहतं. सगळं विसरा, म्हणायचा, पण झापडांना हात लावू नका.

वकिलांनी झापडांना हात लावला नाही, पण बाकी सगळं केलं. एका संध्याकाळी इस्माईलला मागे गादीवर बसवलं आणि स्वतः कोचमनच्या जागी बसून निघाले. त्यांची तांबडी घोडी रोज त्या वेळेला तलावावर पाणी प्यायला जायची. वकिलांनी कुठला लगाम ओढला ते त्यांनाच ठाऊक. घोडीनं आपला रोजचा शिरस्ता पाळला, उतारावरून शांतपणे तलावात गेली आणि पाणी प्यायला लागली. घोडीला ओढायला उतरलेले वकीलसाहेब पगडीसकट गुडघाभर पाण्यात, इस्माईल मागे साहेबासारखा बसलेला, आणि काठावर धुणं धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसतायत. दुसऱ्या दिवशी वकील दुकानात आले आणि म्हणाले, "तुझं डावं चाक ओढ घेतं." मी म्हटलं, हो ना, चाकाला तहान लागली असेल. त्यावरून आमचं जे वाजलं ते कायमचं. लोकांच्या हसण्याला कंटाळून वर्षभरात त्यांनी घोडी, गाडी आणि इस्माईल असे तिन्ही कोलशेतच्या धर्माजींना दिले.

गावाचं नाव खरं आहे, माणसांची नावं मी बदलली आहेत.

धर्माजी मिठागरांचे मालक. बाप मिठागरात फावडं ओढत मेला, ह्यानं मिठागरं विकत घेतली. वय असेल पस्तिशीच्या आसपास. बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. घरात तो आणि त्याची आई ठमाआजी, दोघंच. म्हातारी कडक होती. सगळा गाव तिला टरकून असायचा, पण मुलाकडे बघितलं की तिच्या चेहऱ्यावरचं सगळं बदलायचं. तो जेवायला बसला की ती समोर बसून राहायची. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, कारण गाडीच्या कामासाठी मी पुष्कळदा त्यांच्याकडे जेवलोय.

त्यांच्या लोकांत गाडी घेणारा धर्माजी पहिलाच. ठाण्यातली काही शहाणी माणसं नाकं मुरडायची, खाजणातला, खाडीच्या चिखलातला माणूस व्हिक्टोरियात बसतोय म्हणायची. त्याला ते कळायचं. म्हणून त्यानं मला बोलावलं आणि सांगितलं, मिस्त्री, ह्या गाडीला कुणी हसता कामा नये. मी ती गाडी पार सांगाड्यापर्यंत उतरवली आणि पुन्हा उभी केली. चारही चाकं नवी. मधले शिसवी तुंबे, बाभळीचे आरे. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम कुठलं असं कुणी विचारलं तर ती चार चाकं. धर्माजीनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, माझ्या बापाला ह्यात बसवायला हवं होतं.

इस्माईलकडून तो हाकायला शिकत होता. सकाळी मिठागरांच्या बांधाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर इस्माईल शेजारी बसायचा आणि हा लगाम धरायचा. घोडी शांत असेल तर त्याला जमायचं. बिथरली तर काय करायचं, हे इस्माईल म्हणायचा की अजून शिकवायचं राहिलंय.

मग दसरा आला. दसऱ्याला घोड्याची आणि गाडीची पूजा करायची आणि मालकानं स्वतः गाडी हाकून गावाची शीव ओलांडायची, असं धर्माजीनं ठरवलेलं. सीमोल्लंघन नोकराच्या हातून करत नाहीत, असं म्हातारीचंही म्हणणं पडलं. घोडीला न्हाऊमाखू घातलं, झेंडूच्या माळा घातल्या. पूजेच्या वेळी इस्माईल लगाम धर्माजीच्या हाती देऊन, पायताण काढून, दूर कुंपणाशी जाऊन उभा राहिला. देवाचं काम चाललंय तिथे आपण मध्ये येऊ नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानं केलं. तेवढं त्यानं केलं नसतं तर ही गोष्टच झाली नसती.

ठमाआजी आरती घेऊन पुढे आली. घोडीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि थांबली. मग म्हणाली,

"आज बी हिचं डोलं बांदून ठेवायचं? आज लक्षुमीचा दिस. हिला दिवा नको दिसाया?"

आणि तिनं झापडं मागे वळवली, माळेच्या तोडलेल्या दोऱ्यानं बांधून टाकली, घोडीला ओवाळलं. मुक्या जनावराला देवाचा दिवा दिसावा, एवढंच तिच्या मनात होतं. धर्माजी गाडीवर चढला. इस्माईलचं बोलणं त्याला आठवलं असेल, पण भरल्या गावात, पूजेच्या वेळी, आईचा शब्द कोण मोडणार? शिवेपर्यंत तर जायचंय, असं त्याला वाटलं. झापडं कशासाठी असतात हे गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. कुंपणाजवळून इस्माईलला म्हातारीचे हात घोडीच्या तोंडाशी दिसले, पण ती कुंकू लावतेय असंच तो समजला.

गाडी हलली, चाक फिरलं, घोडीनं ते बघितलं.

मी ठाण्यात लोकांना सोनं वाटत होतो. कोलशेतचा एक माणूस धावत आला आणि म्हणाला, गाडी खाजणात गेली, धर्माजी खाली सापडला. मी तसाच निघालो. बांधाखाली गाडी आडवी पडलेली, तिची वरची चाकं आडवी हवेत. लोकांनी धर्माजीला काढून घरी नेलं होतं. म्हातारी छाती पिटत इस्माईलच्या नावानं बोटं मोडत होती, त्यानं साज नीट बांधला नाही म्हणत होती, आणि गावातली चार तरणी पोरं त्याला घेरून उभी होती. कुणीतरी फौजदाराला आणायला गेलेलं. इस्माईल घोडीचं तोंड छातीशी घट्ट धरून उभा होता. मला वाटलं तिला शांत करतोय. जवळ गेलो तेव्हा दिसलं. झापडं मागे वळवलेली, झेंडूच्या दोऱ्यानं बांधलेली, त्यांवर कुंकवाची बोटं. बायका तोरणाला मारतात तशी गाठ. तो ती लपवत होता.

मी हळूच म्हटलं, अरे, सांग ना त्यांना. जीव घेतील तुझा.

तो म्हणाला, "सांगितलं तर म्हातारी मरेल, मिस्त्री."

मी चारही चाकं ठोकून बघितली. एकाचाही आरा हलला नव्हता. एवढी गाडी बांधावरून कोसळली आणि माझी चाकं जशीच्या तशी. एरवी मी ते गावभर मिरवलं असतं.

तेवढ्यात त्यांच्या घरून बोलावणं आलं. धर्माजी ओटीवर घोंगडीवर पडलेला. बाहेरून फारशी जखम दिसत नव्हती, पण ओठ पांढरे पडलेले. वैद्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. धर्माजीनं सगळ्यांना बाहेर घालवलं, आईलासुद्धा. मला म्हणाला की घोडी उधळल्यावर मी उभा राहिलो आणि दोन्ही लगाम ओढून ओरडत सुटलो, इस्माईल असता तर बोलून थांबवली असती.

"आयेला कलता कामा नये," तो म्हणाला. "नि इस्माईलवर बी येता नये."

मी विचारलं, मग कुणावर यायचं?

"चाकावर घ्या, मिस्त्री. तुमच्या चाकावर."

खरं सांगतो, त्या मरत्या माणसाचा मला राग आला. उभा जन्म ज्या एका गोष्टीसाठी मी भांडलो, वकिलाशी, व्यापाऱ्याशी, सगळ्या ठाण्याशी, तीच हा माझ्याकडे मागत होता. आणि ती चाकं! दुसरी कुठली असती तर वेगळं. पण बाहेरून म्हातारीचं रडणं ऐकू येत होतं. ती देवाला विचारत होती, माझं काय चुकलं, एवढं सांग. धर्माजी माझ्याकडे बघत राहिला. तिला ह्याचं उत्तर कधीच मिळू नये, एवढंच त्याला हवं होतं. आता उरलेलं आयुष्य तिला एकटीनं काढायचं होतं आणि त्यात हे उत्तर कुठे ठेवायचं?

मी मान हलवली आणि बाहेर आलो.

चाक आसावरून निसटू नये म्हणून टोकाला एक लोखंडी खीळ असते, तिला आम्ही कुणी म्हणतो. पोरांसकट सगळे लोक अंगणात जमलेले होते, म्हणून फौजदार यायच्या आत मी खाजणात उतरलो, माझ्या हातानं ती कुणी उपटली, चिखलात फेकली आणि चाक ओढून बाहेर पाडलं. इस्माईलनं माझ्याकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं. त्यानं दोरा सोडला, झापडं सरळ केली, कुंकू बाहीनं पुसलं. फौजदार आले तेव्हा मी सगळ्या गावादेखत मोठ्यानं सांगितलं की कुणी सैल बसली होती, माझ्या हातून राहिली, चाक निसटलं म्हणून घोडी बिथरली, कोचमनचा दोष नाही. जन्मभर म्हणत आलो की मोडलेली गाडी थापा मारत नाही. त्या दिवशी मी तिला थाप मारायला शिकवलं.

फौजदारानं अपघात म्हणून लिहून घेतलं. धर्माजी दिवेलागणीला गेला. म्हातारीनं अंगणातली माती उचलून माझ्यावर टाकली.

पुढचं काय सांगायचं. बातमी ठाण्यात आली तेव्हा वकीलसाहेब मिटक्या मारत सगळ्यांना सांगत फिरले की मी पहिल्यापासून म्हणत नव्हतो का, चाकात खोट आहे? तलावात मी गेलो नाही, चाकानं नेलं. लोकांनाही ते पटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांना उत्तर देता आलं नाही. दुकानासमोरून जाताना ते मुद्दाम सावकाश जायचे. भारी गाड्या माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. मी बैलगाड्यांची चाकं करायला लागलो. तेही काम चांगलंच असतं, त्यात कमीपणा नाही, पण शिसवीवर रंधा फिरवायचा हात हळूहळू जातो. बायकोनं एकदा विचारलं, तुमच्या हातून कुणी सैल राहील कशी? मी तिच्यावर ओरडलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिलाही मी सांगितलं नाही, ह्याचं मला आज फार वाईट वाटतं. नवऱ्याच्या हातून माणूस मेला असं समजूनच ती गेली.

बाजारात ठमाआजी दिसली की मी वाट बदलायचो. नाही जमलं तर उभा राहून ऐकायचो. याच्या चाकानी माझा पोर खाल्ला, असं ती मासळीवाल्यांना, भाजीवाल्यांना दाखवून सांगायची. तिचा आवाज खणखणीत असायचा. मला मनातून बरं वाटायचं, हसू नका. जिला शिव्या द्यायला कुणी आहे, ती जगते. जिला स्वतःलाच शिव्या द्यायच्या असतात तिचं काय होतं, ते मी दुसरीकडे बघितलंय.

इस्माईल पुढे टांगा हाकायला लागला. दसऱ्याच्या दिवशी न चुकता दुकानात यायचा, पान खायचा, तासभर बसायचा. त्या गोष्टीबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही. तोही गेल्या वर्षी गेला. धर्माजीच्या घरात आता कुणी नाही. कुणाला दुखवायचं राहिलं नाही, म्हणून हे लिहितोय. माझ्या नावाचं मला काही नाही, पण ती चार चाकं निर्दोष होती. एकाचीही कुणी सैल नव्हती. हे कुठेतरी छापलेलं असावं, एवढंच मला वाटतं.

म्हातारी जायच्या आधी तिनं मला बोलावून घेतलं. धर्माजीला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मी घाबरतच गेलो. त्याच ओटीवर पडली होती. दृष्टी गेलेली. मी आलोय असं शेजारणीनं सांगितल्यावर तिनं हवेत हात चाचपला, म्हणून मी जवळ सरकलो. वाटलं, शेवटची एक शिवी राहिली असेल.

"मिस्त्री," ती म्हणाली, "मीनी तुला लय बोल लावला. आता वर जायचं त ओझं कनाला नेऊ? माझे धर्माचा बोल तुझेवर ठेवत नाय. सोरला तुला."

एक वाक्य बोललो असतो तर मी मोकळा झालो असतो. तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "चूक झाली, आजी. कुणी सैल राहिली माझ्या हातून."

"व्हते," ती म्हणाली. "मानसाच्या हातून व्हते चूक."

आणि माझा हात धरून तशीच पडून राहिली.